रस्त्याची बाजू बदलावी काय?

रस्त्यानें जातांना डाव्या बाजूनें जावें कीं उजव्या, हा प्रश्न वरवर पाहणाराला अगदींच क्षुल्लक वाटेल. मुंबईंतल्या किंवा पुण्यांतल्या शाळकरी पोराला विचारलें, तर तें 'डाव्या बाजूनें' असें चटकन् सांगेल, आणि यांत विचारण्यासारखें काय आहे, असा चेहरा करील. तेंच पोर पॅरिसमध्यें वाढलें असतें, तर तितक्याच आत्मविश्वासानें 'उजव्या बाजूनें' म्हणालें असतें. दोन्ही उत्तरें सारखींच खरीं. निसर्गानें या बाबतींत कोणताच कौल दिलेला नाहीं. एकट्या माणसानें ओसाड माळावरून कोणत्या बाजूनें जावें, याला कांहींच अर्थ नसतो. समोरून येणारा कोणत्या बाजूनें येणार हें आधीं ठाऊक असणें, एवढीच या नियमाची सारी किंमत, आणि ती किंमत माणसाच्या प्राणाएवढी आहे.

परंतु ज्या नियमाला सर्वांच्या एकमताखेरीज दुसरा आधार नसतो, तोच बदलणें सर्वांत अवघड असतें. पोशाखाची रीत एकेका माणसानें बदलली तरी चालतें. मापें आणि नाणीं बदलावयाचीं झालीं, तर जुनीं व नवीं कांहीं काळ शेजारीं शेजारीं नांदूं शकतात. भारतांत शेर आणि किलोग्रॅम, आणे आणि नवे पैसे असे कांहीं वर्षें नांदलेही. रस्त्याच्या बाजूला ती सवलत नाहीं. या महिन्यांत मालमोटारींनीं बाजू बदलावी, पुढच्या महिन्यांत टांग्यांनीं आणि दिवाळीनंतर सायकलींनीं, असा हप्त्यांचा कारभार येथें चालावयाचा नाहीं. साऱ्या देशानें, एकाच क्षणीं, एकदमच बदललें पाहिजे. म्हणून एखाद्या राष्ट्रानें हें करावें कीं करूं नये, या प्रश्नांत केवळ वाहतुकीचा नव्हे, तर लोक आणि त्यांचें सरकार यांच्या परस्परविश्वासाचाही प्रश्न दडलेला आहे.

या दोन रीती मुळांत आल्या कशा, याविषयीं अनेक कथा सांगण्यांत येतात. घोडेस्वाराची तलवार उजव्या हातीं, तेव्हां समोरून येणारा अनोळखी माणूस उजव्या अंगाला असलेला बरा, म्हणून डावी बाजू आली, अशी एक उपपत्ति आहे. दुसरी उपपत्ति मोठ्या मालगाड्यांची आहे. अनेक घोडे जुंपलेल्या या गाड्यांवर हांकणाऱ्याला वेगळी बैठक नसे. तो डावीकडच्या मागल्या घोड्यावर बसे, म्हणजे उजव्या हातांतील चाबूक सर्व घोड्यांना पोंचे. समोरून येणाऱ्या गाडीचीं चाकें आपल्या चाकांना घासतात कीं काय, हें त्याला डावीकडे वांकून पाहतां यावें, म्हणून तो गाडी रस्त्याच्या उजव्या अंगानें ठेवी. कथा कांहींही असो. अमेरिकेंत पेन्सिल्व्हानिया संस्थानानें १७९२ सालीं एका नव्या मार्गावर उजव्या बाजूचा कायदा केला, फ्रान्सनें राज्यक्रांतीच्या सुमारास उजवी बाजू धरली, आणि नेपोलियनच्या सैन्यामागोमाग ती रीत युरोपांत पसरली. इंग्लंडांत १७५६ सालीं लंडनच्या पुलावर डाव्या बाजूचा नियम लागूं झाला आणि १८३५ च्या कायद्यानें तो देशभर पक्का झाला. इंग्रजांच्या राज्याबरोबर तो भारतांत आला. जपान इंग्रजांच्या ताब्यांत कधींच नव्हतें, तरी तेंही डावीकडूनच जातें. आज जगांतील सुमारे दोन तृतीयांश लोक उजवीकडून आणि एक तृतीयांश डावीकडून जाणाऱ्या देशांत राहतात.

युरोपच्या मुख्य भूमीवर डावी बाजू धरून बसलेलें शेवटचें राष्ट्र म्हणजे स्वीडन. तेथें १७३४ पासून डावीकडून जाण्याची रीत होती. शेजारचे नॉर्वे, फिनलंड व डेन्मार्क हे तिन्ही देश उजवीकडून जाणारे. नॉर्वेची आणि स्वीडनची सरहद्द लांबच लांब, आणि तिच्यावरून ये-जा करणारे रस्ते पुष्कळ. सरहद्द ओलांडतांच बाजू बदलावयाची हें ध्यानांत राहिलें नाहीं, कीं अपघात ठरलेला.

परंतु स्वीडनची खरी अडचण सरहद्दीवर नव्हती. ती प्रत्येक मोटारीच्या आंतच बसलेली होती. डाव्या बाजूनें जाणाऱ्या देशांत मोटारीचें स्टिअरिंगचें चाक उजवीकडे असतें, कारण हांकणारा रस्त्याच्या मध्याकडे बसला, तरच त्याला समोरून येणारें वाहन दिसतें. स्वीडनमध्यें मात्र रस्ता डावीकडचा आणि बहुतेक सर्व मोटारींचें चाकही डावीकडेच. परदेशांतून आलेल्या गाड्या तशा होत्याच, पण देशांतल्या कारखान्यांतून निघणाऱ्या गाड्याही तशाच असत. अरुंद रस्त्यावर हांकणाऱ्याला कडेचा चर नीट दिसावा, हा त्यांतला एक विचार होता. रस्त्यावर तुरळक गाड्या असत तोंवर तो खपून गेला. गाड्या वाढल्या, वेग वाढला, आणि त्यांतला धोका उघडा पडला. पुढच्या संथ मालमोटारीला मागें टाकावयाचें, तर कडेला बसलेल्या हांकणाऱ्याला समोरचा रस्ता दिसण्यापूर्वींच अर्धी गाडी मध्यरेषेपलीकडे न्यावी लागे. आणि तेवढ्यांत समोरून कोणी आलें, तर मागें फिरण्यास अवकाश उरत नसे.

हें सर्व ठाऊक असूनही बदलाची कल्पना लोकांना रुचली नाहीं. १६ ऑक्टोबर १९५५ रोजीं या एका प्रश्नावर स्वीडनमध्यें सार्वमत घेण्यांत आलें. मतदारांपैकीं निम्म्याहून थोडे अधिक लोक मतदानास गेले, आणि त्यांतील शेंकडा ८३ लोकांनीं डावी बाजूच ठेवावी असा कौल दिला. उजवीकडे जावें असें म्हणणारे शेंकडा १६ सुद्धां नव्हते. लोकमताचा इतका स्पष्ट निर्णय फार थोड्या प्रश्नांवर मिळतो.

आणि तरीही आठ वर्षांनंतर, १९६३ सालीं, पंतप्रधान टागे एर्लांडर यांच्या कारकीर्दींत स्वीडनच्या संसदेनें उजव्या बाजूचा कायदा संमत केला. लोकांनीं 'नको' म्हटलें होतें. त्यांच्या प्रतिनिधींनीं 'हवें' म्हटलें. सार्वमत केवळ सल्ल्यापुरतें होतें, तें संसदेवर बंधनकारक नव्हतें, हें कायद्याच्या दृष्टीनें खरेंच. पण लोकशाहींत कायद्याचें उत्तर नेहमीं पुरेसें होत नाहीं. ज्यांचा सल्ला ऐकावयाचाच नव्हता, त्यांना विचारलें कशाला, असें त्या वेळीं कोणी विचारलें असेल, तर त्याला हटवादी म्हणतां येणार नाहीं.

या ठिकाणीं दोन्ही पक्षांचें म्हणणें नीट ऐकून घेतलें पाहिजे. बदलाच्या बाजूनें असें म्हणतां येतें, कीं रस्त्याची बाजू हा श्रद्धेचा प्रश्न नाहीं. तो माणसें किती मरतात आणि किती वांचतात याच्या हिशेबाचा प्रश्न आहे. अशा प्रश्नावर मत देतांना प्रत्येक जण स्वतःच्या सवयीचा विचार करतो. मालमोटारीमागें अडकलेल्या, अद्याप अपघात न झालेल्या माणसाचें मत तेथें कोणी मोजीत नाहीं. शिवाय हा बदल म्हणजे व्याजानें वाढणारें कर्ज आहे. प्रत्येक वर्षीं गाड्या वाढतात, चौक वाढतात, फलक वाढतात. आज जें दहा रुपयांत होईल, तें वीस वर्षांनीं शंभरांतही व्हावयाचें नाहीं. तेव्हां करावयाचेंच असेल तर लौकर करावें, नाहीं तर कधींच करूं नये.

विरुद्ध पक्षाचें म्हणणेंही कमी वजनाचें नाहीं. रस्त्याचा नियम पाळला जातो तो पोलिसाच्या भीतीनें नव्हे, तर तो सर्वांचा आहे या भावनेनें. जो नियम लोकांच्या इच्छेविरुद्ध त्यांच्यावर लादला, तो ते मनापासून पाळतीलच याची हमी कोणती? इतर कायद्यांच्या बाबतींत अर्धवट पालन म्हणजे अर्धा फायदा. येथें अर्धवट पालन म्हणजे समोरासमोर टक्कर. दहा हजारांत एक माणूस विसरला, तरी तो एकटाच मरत नाहीं. म्हणून लोकांची संमति ही या बाबतींत केवळ शिष्टाचाराची गोष्ट नसून सुरक्षिततेचें एक साधन आहे.

स्वीडनच्या सरकारनें हा दुसरा आक्षेप मनावर घेतला, ही त्याच्या यशाची गुरुकिल्ली म्हणावी लागेल. मतपेटींतून मिळाली नाहीं ती संमति चार वर्षांच्या तयारींतून मिळविण्याचा त्यानें प्रयत्न केला. यासाठीं एक स्वतंत्र आयोग नेमण्यांत आला. मानसशास्त्रज्ञांचा सल्ला घेण्यांत आला, कारण खरें काम रस्ते बदलण्याचें नसून हातापायांची सवय बदलण्याचें होतें. स्वीडिश भाषेंत 'उजवा' या अर्थाच्या शब्दाचें आद्याक्षर 'एच'. म्हणून ठरलेल्या दिवसाला 'एच दिवस' असें नांव पडलें आणि त्या अक्षराचें चिन्ह जिकडे तिकडे झळकूं लागलें. दुधाच्या वेष्टनांवर तें होतें. आंतल्या कपड्यांवरसुद्धां होतें! उजवीकडून चालण्याचें गाणें निवडण्यासाठीं स्पर्धा झाली आणि निवडलेलें गाणें लोकांच्या तोंडीं बसलें. जो विषय वादाचा होता, तो घरोघरच्या चेष्टामस्करीचा झाला, आणि चेष्टेनें भीति पुष्कळशी उतरली.

दुसरीकडे हातांनीं करावयाचें काम चालूंच होतें. साऱ्या देशांतले सुमारे साडेतीन लाख फलक हलवावयाचे किंवा बदलावयाचे होते. चौकांचीं वळणें नव्यानें आंखावयाचीं होतीं. मोटारींचे पुढचे दिवे समोरच्याच्या डोळ्यांवर न येतां कडेकडे झुंकावे लागतात. ती कड बदलल्याबरोबर दिवेही बदलणें प्राप्त होतें. बसगाड्यांचा प्रश्न सर्वांत अवघड होता. बसचें दार पदपथाकडे उघडलें पाहिजे; बाजू बदलली, कीं तेंच दार वाहत्या रस्त्याच्या मध्यावर उघडणार. तेव्हां हजारों बसगाड्यांना नवीं दारें बसवावीं लागलीं, आणि कांहीं जुन्या गाड्या डावीकडून जाणाऱ्या देशांना विकून टाकण्यांत आल्या. त्यांतल्या कांहीं थेट पाकिस्तानांत जाऊन पोंचल्या. स्टॉकहोमच्या मध्यवस्तींतील ट्रामगाड्या या निमित्तानें बंद झाल्या. एकंदर खर्च साठ कोटी क्रोनरांच्या वर गेला. आगगाड्यांना मात्र कोणी हात लावला नाहीं. त्या देशांतील बहुतेक रेल्वेमार्गांवर गाड्या आजही डाव्याच रुळांवरून धांवतात. कारण आगगाडीला समोरून येणाऱ्याशीं नजरानजर करून वाट ठरवावयाची नसते.

अखेर तो दिवस उजाडला: ३ सप्टेंबर १९६७, रविवार. मध्यरात्रीनंतर एक वाजल्यापासून सकाळीं सहापर्यंत अत्यावश्यक वाहनांखेरीज सर्वांना रस्त्यावर बंदी होती. मोठ्या शहरांतून ती कितीतरी अधिक तास होती, कारण तेथें चौकांचीं कामें उरकावयाचीं होतीं. पहांटे पांचला दहा मिनिटें असतांना रस्त्यावर असलेल्या प्रत्येक वाहनानें जागच्या जागीं थांबावयाचें, मग हळू हळू डावीकडून उजवीकडे सरकावयाचें, पुन्हां थांबावयाचें, आणि पांचाचा ठोका पडल्यावर नव्या बाजूनें चालूं लागावयाचें. या दिवसाचें स्टॉकहोममधील कुंग्सगाटान या रस्त्याचें एक छायाचित्र जगप्रसिद्ध आहे: गाड्या उलटसुलट उभ्या आहेत, माणसें त्यांच्यामधून फिरत आहेत, आणि एखादी जत्रा उधळावी तसा सारा देखावा आहे. परंतु तो गोंधळ उभ्या गाड्यांचा होता, धांवत्या गाड्यांचा नव्हे. आणि सारा फरक तेवढाच होता.

परिणाम काय झाला? दुसऱ्या दिवशीं, म्हणजे सोमवारीं, देशांत १२५ अपघातांची नोंद झाली. त्यापूर्वींच्या सोमवारीं ही संख्या १३० ते १९८ असे. म्हणजे अपघात वाढले तर नाहींतच, उलट घटले. आणि त्या १२५ पैकीं एकही प्राणघातक नव्हता. विमा कंपन्यांकडे येणाऱ्या मागण्या शेंकडा चाळीसांनीं उतरल्या. ज्या बदलानें रस्तोरस्तीं प्रेतें पडतील अशी भीति घालण्यांत येत होती, त्यानें माणसें वांचविलीं.

या ठिकाणीं व्याख्यान संपवून बदलवाद्यांच्या गळ्यांत विजयाची माळ घालणें सोपें आहे. पण या गोष्टीचा उत्तरार्ध पूर्वार्धाइतकाच बोधप्रद आहे. विम्याच्या मागण्या सहा आठवड्यांत पूर्ववत् झाल्या, आणि १९६९ पर्यंत अपघातांची संख्याही जुन्या पातळीवर येऊन ठेपली. याचा अर्थ उघड आहे. पहिल्या कांहीं दिवसांत जीं माणसें वांचलीं, तीं उजव्या बाजूनें वांचविलीं नव्हतीं. तीं वांचविलीं भीतीनें आणि सावधपणानें. प्रत्येक जण वळणावर दबकत होता, वेग आंवरीत होता, समोरचा चुकेल असें धरून चालत होता. रस्ता पुन्हां परिचयाचा झाला, आणि परिचयाबरोबर बेफिकिरी परत आली. मोटारीचें चाक आणि रस्त्याची बाजू यांचा मेळ बसला, हा लाभ स्वीडनला कायमचा मिळाला. परंतु तो पहिल्या आठवड्याच्या आंकड्यांत शोधणें चूक आहे.

स्वीडनच्या पाठोपाठ आइसलंडनें २६ मे १९६८ रोजीं बाजू बदलली. तेथें या बदलापायीं झालेली इजा म्हणजे सायकलीवरच्या एका मुलाचा पाय मोडला, एवढीच सांगण्यांत येते. आफ्रिकेंत सिएरा लिओननें १९७१ सालीं, नायजेरियानें १९७२ सालीं आणि घानानें १९७४ सालीं उजवी बाजू स्वीकारली. उजवीकडून जाणाऱ्या शेजाऱ्यांशीं जुळवून घेण्यांत तेथेंही सोय होती.

परंतु तीच गोष्ट अविचारानें केली तर काय होतें, याचें उदाहरण भारताच्या शेजारींच आहे. ब्रह्मदेशांत जनरल ने विन यांच्या लष्करी राजवटीनें ६ डिसेंबर १९७० रोजीं डावी बाजू सोडून उजवी धरली. या निर्णयामागें ज्योतिषाचा सल्ला होता, अशी दंतकथा आजही सांगितली जाते. दंतकथा बाजूला ठेवली, तरी गाड्या मात्र उजवीकडे चाक असलेल्याच राहिल्या, हें सत्य उरतें. पुढें कित्येक दशकें त्या देशांत जपानांतून जुन्या मोटारी येत राहिल्या, आणि त्याही तशाच. म्हणजे हांकणारा पुन्हां रस्त्याच्या कडेला, आणि जुन्या बसगाड्यांचें दार रस्त्याच्या मध्याकडे! स्वीडननें प्रचंड खर्च करून जो विसंवाद घालविला, नेमका तोच ब्रह्मदेशानें एका हुकुमानें ओढवून घेतला. दोन्ही देशांनीं केलें एकच. एकानें रोग बरा केला, दुसऱ्यानें जडवून घेतला.

उलट दिशेचा, म्हणजे उजवीकडून डावीकडे येण्याचा प्रकार विरळा. जपानच्या ओकिनावा बेटांवर दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन अंमलांत उजव्या बाजूचा नियम होता. १९७२ सालीं तीं बेटें जपानकडे परत आलीं, आणि एका देशांत एकच नियम असावा, या आंतरराष्ट्रीय करारास अनुसरून ३० जुलै १९७८ रोजीं तेथील लोक पुन्हां डावीकडे आले. त्यानंतर सामोआ. पॅसिफिक महासागरांतील दोन लाखांच्या आंतबाहेर वस्तीचें हें बेटांचें राष्ट्र. जर्मन अंमलापासून तेथें उजवी बाजू चालत आली होती. पंतप्रधान तुइलाएपा यांचा युक्तिवाद साधा होता: सामोआचीं कितीतरी माणसें न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलिया या डावीकडून जाणाऱ्या देशांत राहतात, त्यांनीं आपल्या जुन्या मोटारी घरीं पाठवाव्या, म्हणजे गरिबालाही स्वस्तांत गाडी मिळेल. विरोध जोराचा झाला, मोर्चे निघाले, प्रकरण न्यायालयांतही गेलें. तरी ७ सप्टेंबर २००९ रोजीं सकाळीं सहा वाजतां बदल झालाच. दोन दिवस सुटी, तीन दिवस दारूबंदी आणि वेगाला लगाम, अशी तयारी होती. तो दिवस शांतपणें पार पडला.

तथापि सामोआच्या उदाहरणांतून एक प्रश्न ठळकपणें पुढें येतो: लाभ कोणाचा आणि भुर्दंड कोणाचा? ज्यांना स्वस्त मोटार मिळणार होती, त्यांचा लाभ भविष्यकाळांत होता. ज्यांनीं पदरमोड करून डावीकडच्या चाकाची गाडी आधींच घेतली होती, त्यांची गाडी एका सकाळीं उलट्या हाताची ठरली. बसवाल्यांचीं दारें चुकीच्या बाजूला आलीं. तीं बदलण्याचा खर्च कोणी सोसावा, हा त्यांच्या रोषाचा विषय झाला. राष्ट्राच्या जमाखर्चांत नफा दिसतो म्हणून प्रत्येक घरच्या जमाखर्चांत तो असतोच असें नाहीं; आणि भरपाईची तरतूद न करतां ज्यांच्या माथीं तोटा मारला जातो, त्यांचा विरोध केवळ जुन्याचा हट्ट म्हणून हिणवणें अन्यायाचें आहे.

गोमंतकाचें उदाहरण याहून वेगळें आणि मनोरंजक आहे. पोर्तुगालनें १९२८ सालीं डावी बाजू सोडून उजवी धरली, आणि आपल्या वसाहतींनाही तसें करावयास लावलें. पण गोवा, मोझांबिक आणि मकाव यांना त्यांतून वगळण्यांत आलें, कारण या तिघांचे शेजारी त्या वेळीं डावीकडून जाणारे होते. लिस्बनमध्यें उजवी आणि पणजींत डावी, अशी ही एकाच साम्राज्यांतली दोन रीतींची व्यवस्था. राजधानीच्या हुकुमापेक्षां बेळगांवाकडे आणि सावंतवाडीकडे जाणारा रस्ता अधिक बलवान् ठरला! रस्त्याच्या बाबतींत खरा नातेवाईक दूरचा धनी नसून जवळचा शेजारी असतो, हें शहाणपण येथें दिसून आलें.

आणि शेजारी उलट्या बाजूचा असलाच, तरी दरवेळीं साऱ्या देशाला कूस बदलावी लागतेच असें नाहीं. थायलंड डावीकडून जाणारा, लाओस उजवीकडून. मेकाँग नदीवर १९९४ सालीं खुल्या झालेल्या मैत्रीपुलावर वाहनें डाव्या बाजूनें जातात आणि लाओसच्या टोकाला दिव्यांच्या इशाऱ्यावर बाजू बदलतात. हाँगकाँग १९९७ सालीं उजवीकडून जाणाऱ्या चीनकडे परत गेलें, तरी त्याची डावी बाजू कायम राहिली. २०१८ सालीं समुद्रावरून झालेल्या महासेतूवर गाड्या उजवीकडून जातात आणि पुढें वळणाच्या मार्गांनीं हाँगकाँगच्या डाव्या बाजूला येऊन मिळतात. जेथें सरहद्दीवरचीं दारें थोडीं, तेथें प्रत्येक दारापाशीं एक वळण बांधणें हें लाखों लोकांची सवय मोडण्यापेक्षां कितीतरी स्वस्त पडतें. चोहोंकडून समुद्रानें वेढलेल्या ब्रिटननेंही स्वीडनच्या सुमारास हा विचार करून पाहिला आणि सोडून दिला.

या साऱ्या अनुभवांतून निर्णयाच्या तीन कसोट्या हातीं लागतात. पहिली कसोटी शेजाराची: ज्यांच्याशीं जमिनीवरून रोजचें दळणवळण आहे, ते कोणत्या बाजूनें जातात? दुसरी गाडीची: रस्त्यावरील बहुतेक वाहनांचें चाक ज्या बाजूला आहे, त्याशीं रस्त्याचा मेळ आहे काय? तिसरी लोकांच्या संमतीची: ती आधीं मिळालेली आहे काय, आणि नसेल तर ती मिळविण्याइतका वेळ, पैसा आणि सचोटी सरकारजवळ आहे काय? स्वीडन पहिल्या दोन कसोट्यांना उतरलें आणि तिसरी त्यानें कष्टानें साधली. ब्रह्मदेशानें दुसरी आणि तिसरी विचारांतच घेतली नाहीं.

भारताला हीच मोजपट्टी लावली, तर उत्तर शोधण्यास फार श्रम पडत नाहींत. नेपाळ, भूतान, बांगला देश, पाकिस्तान, श्रीलंका हे सारे डावीकडून जाणारे आहेत. चीन व ब्रह्मदेश उजवीकडून जातात. पण त्या सरहद्दींवर वाहनांच्या वाटा मोजक्याच आहेत. देशांतील मोटारींचें चाक उजवीकडे आहे, खेड्यापाड्यांत फिरणाऱ्या एस्. टी. बसचें दार डावीकडे आहे, आणि बैलगाडीपासून मालमोटारीपर्यंत साऱ्यांना तीच संवय आहे. तेव्हां भारतानें बाजू बदलावी असें म्हणण्यास कोणताही आधार सांपडत नाहीं.

पण स्वीडनच्या त्या पहिल्या सहा आठवड्यांची शिकवण भारतीय रस्त्यांना जशीच्या तशी लागूं पडते. फलक हलविल्यावांचून, दारें तोडल्यावांचून, एक पैही खर्च न करतां जें मिळण्यासारखें आहे, तेंच त्या सहा आठवड्यांत मिळालें होतें: वळणावर आंवरलेला वेग आणि समोरच्याची काळजी. शहरांतल्या रस्त्यावर पुढचा छेद दूर आहे म्हणून दुचाकी उलट्या बाजूनें दामटणारा माणूस डाव्या-उजव्याचा वाद करीत नसतो. तो बाजूच नाकारीत असतो. आणि रस्ता ओलांडणाऱ्या म्हाताऱ्याची नजर ज्या दिशेला नसते, नेमका त्याच दिशेनें तो त्याच्यावर येऊन आदळतो. कोणती बाजू चांगली, याचा निर्णय प्रत्येक राष्ट्रानें आपल्या सोयीनें एकदां करावा. ठरलेली बाजू पाळण्याचा निर्णय मात्र प्रत्येकाला घराबाहेर पडतांना रोज नव्यानें करावा लागतो.